सुदानमध्ये 'अरब विरुद्ध आफ्रिकन' हे वर्णन डीएनए बघता टिकतं का?

गिरणाकाठ:
एप्रिल २०२३ मध्ये खार्तूमला लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटलं तेव्हापासून बातम्या वाचतोय. पश्चिमेकडचं दारफूर आलं की तेच एक वाक्य असतं, अरब टोळ्यांनी आफ्रिकन लोकांवर हल्ले केले. वाचणाऱ्याला वाटावं की बाहेरून आलेले कुणीतरी इथल्या मूळच्यांना मारतायत. माझं मत स्पष्ट आहे, हे वर्णन चूक आहे आणि ते आता थांबायला हवं.

२०१७ साली सुदान आणि दक्षिण सुदानमधल्या १८ समाजांतल्या दोनशेच्या वर लोकांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यात नाईलकाठचे जाअलीन आणि शायगिया, जे स्वतःला अरब म्हणवतात, ते त्यांच्या शेजारच्या नुबी लोकांच्या, म्हणजे उत्तरेकडच्या नाईलकाठी आपली जुनी भाषा टिकवून असलेल्यांच्या, अगदी जवळ निघाले. जाअलीन आपली वंशावळ थेट पैगंबरांचे काका अब्बास यांच्यापर्यंत नेतात, पण शरीरात बघाल तर ते बरेचसे नाईलकाठचेच लोक आहेत ज्यांनी काही शतकांत भाषा बदलली, धर्म बदलला आणि मग वंशावळही बदलली. माणसं तिथलीच राहिली.

सह्यकडा:
इतकं सरसकट नको हो. २००८ चा वाय क्रोमोसोमचा अभ्यास पण बघा, म्हणजे फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा. त्यात सुदानी अरब गटांतल्या साधारण निम्म्या पुरुषांत 'जे' (J) नावाचा हॅप्लोग्रुप, म्हणजे बापाकडच्या रेषेची एक शाखा, सापडतो, ती अरबस्तान आणि आसपासची. दक्षिण सुदानातल्या डिंकांमध्ये मात्र बहुसंख्य 'ए' (A), आणि दारफूरच्या मसालीतांमध्ये 'ई' (E). ही रेषा नुसती भाषा बदलून येत नाही, पुरुष आले होते. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने तर कसे आले तेही लिहून ठेवलंय. नुबी राजांना जुहैना या अरब टोळीला हाकलता येईना, मग राजांनीच त्यांना आपल्या मुली देऊन जुळवून घ्यायचा प्रयत्न केला. आणि नुबी राजघराण्यात वारसा बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे भाच्याकडे जायचा. त्यामुळे अरब बापाची मुलं एका पिढीत गादीवर. हे घडलेलं आहे, त्याला फक्त भाषाबदल म्हणून कसं चालेल?

गिरणाकाठ:
पुरुष आलेच नाहीत असं मी कुठे म्हणालो? पण वाय ही एकच रेषा. दहा पिढ्या मागे गेलं की वंशवृक्षात १०२४ जागा होतात, वाय त्यातल्या फक्त एकाबद्दल बोलतो. सुदानमधल्या फुलानींचं उदाहरण घ्या, त्यांच्यात निम्म्याहून जास्त पुरुषांत आर१बी (R1b) हा हॅप्लोग्रुप सापडतो, ज्याचं मूळ आफ्रिकेबाहेरचं. म्हणून कुणी फुलानींना परदेशी म्हणतं का? पश्चिम आफ्रिकेतून आलेले म्हणूनच सगळे त्यांना ओळखतात.

मीनल_एस:
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय की आफ्रिकेबाहेरचा वाटा म्हणजे अरबांचा वाटा. इथेच माझा आक्षेप आहे.

२०१७ च्या अभ्यासात नुबींमधल्या मिश्रणाचा काळ साधारण ७०० वर्षांपूर्वीचा काढला होता. हा काळ काढतात कसा तर, बाहेरच्या पूर्वजाकडून आलेले डीएनएचे लांब तुकडे दर पिढीला तुटत जातात, म्हणून तुकडे जितके आखूड तितकं मिश्रण जुनं. ७०० वर्षं इतिहासाशीही छान जुळतात, १३१७ मध्ये डोंगोला या नुबी राजधानीतल्या ख्रिश्चन राजवाड्याची मशीद झाली, तिथला शिलालेख आहे. सगळ्यांना वाटलं झालं, मिटलं. पण अशा हिशेबात एक अडचण असते, एकामागून एक लाटा आल्या असतील तर उत्तर अलीकडच्या लाटेकडे ओढलं जातं आणि जुनी लाट दिसतच नाही.

मग २०२१ मध्ये कुलुबनार्तीच्या हाडांचा डीएनए आला. कुलुबनार्ती म्हणजे उत्तर सुदानात नाईलमधलं एक बेट आणि समोरचा काठ, ख्रिश्चन काळातली वस्ती, अंदाजे इ.स. ६५० ते १०००. ६६ माणसं. म्हणजे डोंगोलाची मशीद व्हायच्या तीनशे वर्षं आधीच मेलेली माणसं, आणि त्यांच्यात सरासरी ५७ टक्के वाटा पश्चिम आशियाशी नातं सांगणारा, उरलेला डिंकांसारख्या लोकांशी. हा बाहेरचा वाटा बहुधा इजिप्तमार्गे आला, त्याचं मूळ कांस्य आणि लोहयुगातल्या लेव्हांटपर्यंत, म्हणजे सीरिया-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यापर्यंत, जातं. आणि सह्यकडा, तुमच्यासाठी खास, तो वाटा जास्त करून बायकांकडून आलेला दिसतो. टोळ्या घेऊन आलेले पुरुष हे चित्र तिथे बसतच नाही.

तिथे दफनभूमी दोन होत्या. बेटावरच्या दफनभूमीतले लोक लवकर मरायचे, हाडांवर उपासमारीच्या आणि आजारपणाच्या खुणा जास्त, काठावरचे त्यामानाने बरे जगायचे. आधी संशोधकांना वाटायचं की हे दोन वेगळे समाज असतील. डीएनएत फरकच सापडला नाही, उलट जवळचे नातेवाईक एक इकडे पुरलेला एक तिकडे असे निघाले. एकाच रक्ताचे लोक आणि एक थर दुसऱ्याच्या खाली दबलेला, हजार वर्षांपूर्वी. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

सह्यकडा:
कुलुबनार्तीचा मुद्दा मान्य, पण ते एक गाव आहे. आणि आजचे नुबी थेट त्यांचेच वंशज नाहीत, मधल्या काळात आणखी मिश्रण झालंय, हेही त्याच अभ्यासात आहे. अरबांचं येणं त्याने पुसलं जात नाही.

उत्तरा_क:
मी वरचं सगळं वाचलं आणि मला राग येतोय, तो लपवत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पश्चिम दारफूरच्या अल जनैनातून लोक चाडच्या सीमेकडे पायी पळत होते तेव्हा रस्त्यात अडवून विचारत होते, तू मसालीत आहेस का. हो म्हटलं की गोळी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाने त्या एका शहरात १० ते १५ हजार माणसं मारली गेली. तिथे कुणी हॅप्लोग्रुप विचारला नव्हता. आणि तुम्ही इथे बसून म्हणता की अरब-आफ्रिकन हा फरक डीएनएत नाही म्हणून तसं लिहू नका! मारणाऱ्याच्या डोक्यात तो आहे, मरणाऱ्याच्या कपाळावर तो लिहिलेला आहे. उद्या कुणीही म्हणेल की सगळे एकाच रक्ताचे, आपसातलं भांडण आहे, आपल्याला काय करायचंय. नरसंहार झाकायला याहून सोपं वाक्य मिळणार नाही.

गिरणाकाठ:
उत्तराताई, राग रास्त आहे. पण मसालीतांना लक्ष्य केलं असं लिहा, आरएसएफ आणि त्यांच्यासोबतच्या टोळ्यांनी केलं असं नाव घेऊन लिहा, माझी काहीच हरकत नाही, उलट तसंच लिहायला हवं. हरकत फक्त हे वैर जन्मजात असल्यासारखं दाखवायला आहे.

१९६० च्या दशकात एका नॉर्वेजियन अभ्यासकाने दारफूरमधल्या जेबेल मारा डोंगराच्या पायथ्याशी काय पाहिलं ते सांगतो. तिथले फूर शेतकरी, नवरा-बायकोची शेतं वेगळी, धान्याची कोठारंही वेगळी. एखाद्याने बाजरीतून चार पैसे शिल्लक टाकून गुरं घेतली आणि गुरं वाढली की ती एका जागी ठेवून भागायचं नाही, मग तो बग्गारा अरबांसारखा गुरांमागे फिरायला लागायचा, आणि पुढची पिढी अरबच म्हणून वाढायची. फूरचा अरब होणं हा पोटापाण्याचा मामला होता. मग हे बंद कशाने झालं? १९८० च्या दशकातला दुष्काळ, उत्तरेच्या उंटवाल्या टोळ्यांकडे स्वतःची जमीन नाही, सुलतानांच्या काळापासूनचे जमिनीचे हक्क फूर-मसालीत वगैरेंकडे, आणि २००३ पासून सरकारनेच एका बाजूच्या हातात बंदुका दिल्या. दोषी शोधायचा तर खार्तूममध्ये शोधा.

उत्तरा_क:
खार्तूमने बंदुका दिल्या हे खरंच. पण चालवल्या कुणी? जो समाज साठ वर्षांपूर्वी सामावून घेत होता तो आज गावं जाळतोय, याचं उत्तर सरकार एवढंच देऊन मी गप्प बसणार नाही.

हिवरेकर:
वर चाललेल्या गरमागरमीत एक वेगळा मुद्दा. या अभ्यासांत नुबा म्हणून एक गट असतो (वरचे नुबी वेगळे). अहो, नुबा पर्वतात चाळीसच्या वर भाषा आहेत आणि त्या एका कुळातल्याही नाहीत, टेकडी ओलांडली की शेजाऱ्याची बोली कळत नाही. त्या सगळ्यांवर एक लेबल लावून मूठभर नमुने घेतले आणि नकाशावर एक ठिपका. तसंच डिंका, नुएर, शिल्लुक यांच्यात बाहेरचं मिश्रण कमी आढळलं की लगेच लोक त्यांना 'शुद्ध' म्हणायला लागतात. शुद्ध-बिद्ध काही नसतं, त्यांच्याकडे बाहेरचे लोक कमी पोचले इतकंच.

आणि पुण्यात सुदानी मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतायत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये होता एकजण, महस नुबी. सगळे त्याला अरब समजायचे कारण बाकीच्या मुलांशी अरबीत बोलायचा. घरी फोन लागला की नोबीन, म्हणजे त्याची नुबी भाषा, सुरू. तू अरब का विचारलं तर दर वेळी न चिडता सांगायचा, नाही, नुबी.

डॉ_नंदुरबार:
मला डेटा हवाच आहे आणि त्याचं कारण राजकारण नाही. मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बघतो, आपल्याकडे भिल्ल-पावरा समाजात खूप आहेत. सुदानच्या पश्चिमेला मिसेरियांमध्ये पण सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि मिसेरिया स्वतःला अरब म्हणवतात. नुसतं लेबल बघून तपासणी टाळली तर पोरं निदान न होताच जातात. शिवाय आपल्याकडचा सिकलसेल आणि तिकडच्या पश्चिमेकडचा, दोन्हींची पार्श्वभूमी वेगळी, आजाराची तीव्रता वेगळी. हे डीएनए घेतल्याशिवाय कळणार कसं? म्हणून कृपा करून जनुकांचा अभ्यासच नको असं कुणी म्हणू नका.

उत्तरा_क:
डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण समजा उद्या कुणी चाडमध्ये आद्रेच्या छावणीत मसालीत बायकांकडे नमुने मागायला गेलं. नाव, गाव, समाज असं रकान्यात लिहून घेणार ना? याच माहितीवरून त्यांची माणसं रस्त्यात वेगळी काढली होती. ती यादी कुठे राहणार, कुणाच्या हातात जाणार, हे त्या आधी विचारतील, आणि याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटतं.

डॉ_नंदुरबार:
विचारायलाच हवं. पण तपासणी आणि संशोधन वेगळं ठेवता येतं. सिकलसेलची साधी चाचणी करायला समाजाचा रकाना लागत नाही, बोटातला एक थेंब पुरतो, रिपोर्ट आईच्या हातात द्यायचा. ती तरी आत्ता सुरू व्हायला हवी, छावणीत पोरं आत्ता आहेत.