प्रोडक्शनमधून मेंटेनन्सला जातोय, शिकायला सुरुवात कुठून करू? (भोसरी)

शिफ्टवाला_भोसरी
नमस्कार मंडळी, डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपला प्रोडक्शनमध्ये आहे. पुढच्या महिन्यापासून मला मेंटेनन्सला घेतायत कारण तिथले सिनियर रिटायर होतायत. मित्र म्हणतात डोक्याला ताप आहे, रात्री-अपरात्री फोन येतात, पण मला मशीन का बंद पडतं हे शोधायची पहिल्यापासून आवड आहे म्हणून हो म्हटलं. आमच्याकडे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन), जुन्या लेथ, दोन हायड्रॉलिक प्रेस, एक स्क्रू कॉम्प्रेसर आणि कन्व्हेयर. मेकॅनिकल थोडंफार जमेल पण पॅनलचं दार उघडलं की नुसत्या वायरी दिसतात. चिंचवडला एका क्लासवाल्यांनी पीएलसी-स्काडाचा (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर आणि स्क्रीनवरून त्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) कोर्स सुचवलाय, फी दणकून आहे, हप्ते करून देतो म्हणतात. घेऊ का? की आधी दुसरं काही शिकू? पुस्तकं, टूल्स पण सांगा.

जुना_फिटर
कोर्सचे पैसे तूर्तास खिशात ठेव. पहिली गोष्ट कुलूप. मेन स्विच ऑफ, त्याला आपलं स्वतःचं कुलूप, टॅग, चावी आपल्याच खिशात आणि मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं की खरंच बंद झालंय का. त्याआधी हात आत घालायचा नाही, सुपरवायझर कितीही मागे लागू दे. आणि लाईट बंद केली म्हणजे मशीन मेलं असं समजू नकोस, प्रेसची रॅम (खाली येऊन दाबणारा भाग) वर असेल तर ती खाली टेकवल्याशिवाय किंवा सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही, अक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी बाटली) असेल तर प्रेशर सोडायचं, व्हीएमसीचा झेड ॲक्सिस (वर-खाली जाणारा भाग) ब्रेक सुटला की खाली येतो म्हणून त्याला ठोकळा द्यायचा.

आता शिकायचं. तुमच्याच भंगारच्या डब्यात निघालेल्या बेअरिंग पडलेल्या असतील त्या गोळा कर आणि आधी नंबर वाच. ६२०५ मध्ये शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे शाफ्ट २५ एमएम, हा हिशोब ०४ पासून पुढे चालतो. झेडझेड म्हणजे दोन्हीकडे पत्र्याची शील्ड, टू-आरएस म्हणजे रबर सील, सी३ म्हणजे आतला क्लिअरन्स नॉर्मलपेक्षा जास्त. मग गॉगल घालून ग्राइंडरने बाहेरची रिंग काप आणि आतला ट्रॅक उजेडात धरून बघ. ट्रॅक निळा-तपकिरी पडला असेल तर बेअरिंग तापलीय, ग्रीस संपलं असेल किंवा उलट फार कोंबलं असेल. बॉल जेवढ्या अंतरावर बसतात नेमक्या तेवढ्या अंतरावर ठसे असतील तर बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारलाय आणि तो जोर बॉलमधून गेलाय. पन्हळी पत्र्यासारख्या बारीक आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालणाऱ्या मोटरचा करंट बेअरिंगमधून जातोय, तिथे नुसती बेअरिंग बदलून उपयोग नाही, अर्थिंग बघावं लागतं. एवढं वाचता आलं की नवीन बेअरिंग टाकण्याआधी जुनी का गेली हे तुला सांगता येईल आणि मेंटेनन्सवाला तोच. बाकी लोक पार्ट बदलणारे.

बसवताना शाफ्टवर घट्ट बसते ती आतली रिंग, म्हणून जोर आतल्या रिंगवरच. गरम करायची झाली तर इंडक्शन हीटर, १२० डिग्रीच्या वर नाही, गॅसची फ्लेम तर अजिबातच नाही.

चाकण_ऑटोमेशन
जुना_फिटर काकांशी बऱ्यापैकी सहमत पण पीएलसीला एवढं बाजूला नका टाकू, आजकाल निम्मे ब्रेकडाऊन सेन्सरचेच वाटतात. फक्त त्यासाठी लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) लिहिता यायची गरज नाही. पीएलसीच्या कार्डावर प्रत्येक इनपुटला एक बारका एलईडी असतो. मशीन सायकलमध्ये अडकलं की प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) लोखंडी पाना धर, सेन्सरचा स्वतःचा एलईडी लागला आणि कार्डावरचा नाही लागला तर मधली वायर तुटलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे (केबल ट्रॅक हलतो तिथे हमखास), दोन्ही लागले नाहीत तर सेन्सर किंवा त्याचा २४ व्होल्ट सप्लाय, दोन्ही लागले तर पुढे प्रोग्रॅममध्ये किंवा आउटपुटला बघ. हे शिकायला तुमच्याच मशीनचं ड्रॉइंग आणि एक निवांत दुपार पुरते. कोर्स नंतर कर, तेव्हा तुला कळेल की क्लासवाला काय शिकवत नाहीये.

पॅनलताई
ड्रॉइंगचं बोललात ते फार बरं केलंत. पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात ड्रॉइंगची घडी असते, बऱ्याच ठिकाणी तेलकट होऊन चिकटलेली असते, तिची झेरॉक्स काढून एकच सर्किट घे, मोटरचं स्टार्ट-स्टॉप, आणि पेन्सिलने बोट ठेवल्यासारखं एकेक वायर नंबर पॅनलमध्ये शोधत जा, पॅनल बंद असताना अर्थातच. एमसीबी, कॉन्टॅक्टर (मोटरची लाईन जोडणारा-तोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), मोटर, आणि कंट्रोलला स्टॉप बटण एनसी (एरवी जोडलेलं), स्टार्ट एनओ (एरवी तुटलेलं), त्याच्याशी पॅरलल कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे बटण सोडलं तरी मोटर चालू ठेवणारा. हे समजलं की मोठं ड्रॉइंगही घाबरवत नाही. व्हीएफडी असेल तर मेन बंद केल्यावर त्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, कपॅसिटर भरलेले असतात, मग मीटरने मोजून खात्री करायची.

शिफ्टवाला_भोसरी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही हो. ताई एक विचारतो. आमच्या प्रेसची पंपाची मोटर साडेसात एचपी, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी करंटवर सुरू करणारा), प्लेटवर ११ अँपिअर आहे. ओव्हरलोड सारखा ट्रिप होत होता, रिले ६.४ वर लावलेला होता तर आमच्या इलेक्ट्रिशियनने कमी आहे म्हणून ९ वर नेला, आता ट्रिप होत नाही. बरोबर आहे ना?

पॅनलताई
नाही रे, आजच परत खाली आणायला सांग! स्टार-डेल्टामध्ये रिले साधारणपणे मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या लाईनमध्ये असतो, त्यातून लाईन करंटच्या ५८ टक्केच करंट जातो. ११ गुणिले ०.५८ म्हणजे ६.४. ज्याने लावला होता त्याने हिशोब करूनच लावला होता. आता ९ वर ठेवल्यामुळे मोटर जवळपास १५ अँपिअर खाईपर्यंत रिले बोलणारच नाही, तोवर वाइंडिंग जळेल. रिले त्रास देत नव्हता, तो सांगत होता. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) लावून इनकमिंगच्या तिन्ही फेजचा करंट बघायला सांग. एक फेज कमी किंवा शून्य असेल तर लग (वायरच्या टोकाची पट्टी) ढिली आहे किंवा कॉन्टॅक्टरचा कॉन्टॅक्ट जळालाय. तिन्ही सारखेच पण जास्त असतील आणि व्होल्टेज ठीक असेल तर मोटर बहुधा निर्दोष आहे, तिच्यावर लोड जास्त येतोय, मग काकांच्या प्रांतात जा.

जुना_फिटर
तर मग रिलीफ व्हॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) कोणी आवळलाय का ते आधी बघ, टनेज कमी पडतंय म्हणून ऑपरेटर आवळतात. गेजवरचं प्रेशर मशीनच्या प्लेटशी ताडून बघ. मग टाकीतलं तेल, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक कूलर लीक. फेस असेल तर सक्शन लाईन हवा ओढतेय. पंप खडखड करत असेल तर सक्शन स्ट्रेनर चोक, तो टाकीच्या तळाशी असतो आणि त्याची आठवण कोणाला होत नाही. तेल भरताना ग्रेड (तेलाचा जाडपणा) बघूनच, ६८ लिहिलंय तिथे ४६ चालत नाही.

थेरगाव_मेंटेनन्स
पुस्तकांचं राहिलं. भारत स्किल्स पोर्टलवर आयटीआयचं साहित्य फुकट आहे. निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) फिटर आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडची प्रॅक्टिकल पुस्तकं आधी घे, चित्रं चांगली आहेत, आणि तुझ्या कामाला सगळ्यात जवळचा ट्रेड म्हणजे मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स, त्याचा सिलॅबस नुसता वाचलास तरी काय येत नाही याची यादी तयार होते. डिप्लोमा झालाय म्हणून आयटीआयचं पुस्तक हातात घ्यायला लाजू नकोस. आणि रिटायर होणाऱ्या सिनियरच्या मागे आत्तापासूनच लाग, पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस. आपल्याकडे गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे मेंटेनन्सची खरी कामं गुरुवारी, कारण मशीन तेव्हाच मोकळी मिळते. परवानगी काढून दोन-चार गुरुवार त्यांच्याबरोबर उभा राहा, कुठली मशीन कुठे कुरकुरते हे त्यांच्या डोक्यात असतं, ते कुठल्याच रजिस्टरला नाही, वहीत मशीनवार लिहून घे.

शिफ्टवाला_भोसरी
रिले ६.४ वर परत आणायला सांगितलंय, सुपरवायझरशी बोललो. क्लॅम्प मीटर उद्या मिळतोय. कोर्स सध्या रद्द. स्वतःचा मल्टिमीटर घ्यायचाय, कुठे आणि कसा?

पॅनलताई
बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे ये. मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटरचा सुरक्षेचा दर्जा) छापलेलं हवं, प्रोबवरही तेच बघ, ४१५ व्होल्टच्या पॅनलला हातात धरायचाय तो. स्वस्तातले पिवळे मीटर घेऊ नकोस. आणि पॅनलमधलं काम लायसन असलेल्या वायरमनच्या हातूनच, तू बाजूला उभा राहून रीडिंग लिही. उद्या तिन्ही फेजचे आकडे इथे टाक, बघू काय निघतंय.