ओटीपी कुणाला दिला नाही, तरी कर्ज माझ्या नावावर

अबोली
काल इथे 'सावधान' यांनी लिहिलं, "ज्यांच्या नावावर परस्पर कर्ज निघतं ते लोभी तरी असतात, नाहीतर निष्काळजी. ओटीपी वाटायचे आणि मग बँकेच्या नावाने खडे फोडायचे." राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी कुणालाही ओटीपी दिलेला नाही. जूनमध्ये मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका ॲपवरून घेतलेलं १४,५०० रुपयांचं कर्ज, नऊ महिने थकलेलं. पॅन माझा, जन्मतारीख माझी. मोबाईल नंबर भलत्याचाच, पत्ता मी कधी न पाहिलेल्या गावचा. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून ते वाचत होती.

पाच महिने हेलपाटे घालतेय. कर्जवाले म्हणतात एफआयआर आणा. चौकीत म्हणाले, "बाई, तुमचे पैसे गेलेच नाहीत, मग फसवणूक कसली?" आयटी कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणं हाच गुन्हा मानतं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हे मी चौकीत मोबाईलवर काढून दाखवलं, तेव्हा कुठे अर्ज घेतला. मुलीची फी पाटल्या गहाण ठेवून भरली.

सावधान
ताई, वाईट वाटलं. पण पॅनची झेरॉक्स कुठेतरी दिलीच असेल ना? मी दर जानेवारीत माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माझ्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, ही नोंद ठेवणाऱ्या या चारही ब्युरोंकडून वर्षाला एक फुकट मिळतो. तुम्ही बघितला असता तर नऊ महिने गेले नसते.

रात्रपाळी
झेरॉक्सचं बोललात म्हणून सांगतो. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार बिघडलेल्या प्रती फेकत नाही, पाठकोरे म्हणून ठेवतो. परवा १२ रुपयांचा हिशेब ज्या कागदावर करून दिला, तो उलटला तर कुणा आजीचं आधार, फोटोसकट. आणि आमच्या सोसायटीत भाडेकरूंच्या आधार-पॅनची फाईल वॉचमनच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली. निष्काळजी कोण, ते आधी ठरवा.

बी विंग सेक्रेटरी
सोसायटीवर घसरायचं कारण नाही. भाडेकरूने उद्या काही केलं की पोलीस रात्री मला उठवतात, तुम्हाला नाही. बिनपगारी काम करतो आम्ही. कागद नकोत म्हणणाऱ्यांनी एक वर्ष सेक्रेटरी होऊन बघावं.

रात्रपाळी
कागद घ्या, पण कुलपात ठेवा एवढंच म्हणतोय. आणि पूर्ण नंबर कशाला हवा? शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार निघतं की.

बी विंग सेक्रेटरी
ते आम्हाला कोण सांगणार? मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं, झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड द्या. दोन दिवसांत सरकारने ते पत्रकच मागे घेतलं. वरच्यांचं ठरत नाही आणि शिव्या आम्हाला! (फाईल कपाटात ठेवायला सांगितली आहे. विषय संपवा.)

एडिसनकर
इथे अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून क्रेडिट फ्रीझ फुकट आहे. रिपोर्टला टाळं लावायचं. आपण काढेपर्यंत नवा सावकार तो बघूच शकत नाही. माझ्या बायकोचा सोशल सिक्युरिटी नंबर (इथला ओळख क्रमांक) चोरीला गेला तेव्हा इथल्या तिन्ही ब्युरोंकडे टाळं लावलं आणि झोपलो. भारतात हे पहिलं मागा.

सावधान
अमेरिकेतून सल्ले देणं सोपं आहे. इथे लोक साधा पासवर्ड बदलत नाहीत.

काउंटर चार
बँकेत २२ वर्षं काढलीत, म्हणून स्पष्ट बोलतो. सावधान, तुमचा रोख चुकीच्या माणसावर आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासून नियम आहे. ग्राहकाची चूक होती हे बँकेने सिद्ध करायचं. इथे मात्र न घेतलेलं कर्ज घेतलं नाही, हे अबोलीताईंनी सिद्ध करायचं! रिपोर्टची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर रोज १०० रुपये भरपाई आहे, मान्य. पण ब्युरो कर्जवाल्यालाच विचारतो, तो 'माहिती बरोबर आहे' म्हणतो आणि तक्रार बंद.

ताई, एक करा. पैसे कोणत्या खात्यात जमा केले ते कर्जवाल्याकडे लेखी मागा. डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे २०२२ पासून रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी. खातं तुमचं नसेल तर त्यांनी काय तपासलं, हे त्यांना सांगावं लागेल. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

सावधान
'लोभी' शब्द मागे घेतो. रिपोर्ट दरवर्षी बघावा, यावर ठाम आहे.

अबोली
बघेन. पण वर्षातून एकदा बघून मधले अकरा महिने कोण राखणार? माझी आई ७४ वर्षांची आहे, तिने कुठे लॉगिन करायचं? राखण कर्ज देणाऱ्याने करावी. फोटो जुळतो का, नंबर कुणाचा, खातं कुणाचं, हे पैसे सोडण्याआधी बघायला त्याला पाच मिनिटं लागतात. मला पाच महिने लागले.

काउंटर चार, पाच महिन्यांत खात्याचा प्रश्न मला एकानेही सुचवला नव्हता. पत्र आज रात्री लिहिते. उद्या त्यांच्या शाखेत स्वतः देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेते.