शाळेतला आरोग्य कार्यक्रम खरंच चालतो का, हे कसं तपासायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुलगी सहावीत आहे, जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत. जूनपासून मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे (कसा झालो तो वेगळा धागा होईल, पालकसभेला उशिरा पोचलो, एवढंच सांगतो). शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. आमच्या आराखड्यात दरवर्षी गळकं छप्पर आणि कंपाउंड. यंदा आरोग्याचंही काही घालू म्हणून दप्तर बघायला मागितलं.

दप्तर चोख आहे, तीच पंचाईत. लोहाच्या गोळ्यांच्या रजिस्टरात दर सोमवारी सगळ्यांपुढे टिक. म्हणून एका सोमवारी जाऊन बसलो. पाचवीपर्यंत गुलाबी गोळी, सहावी-सातवीला निळी. वाटप झालं, टिक झाली. नंतर हौदामागे गेलो तर चिखलात निळे ठिपके! घरी लेकीला विचारलं. "बाबा, मळमळतं. आम्ही सगळ्या गालात धरतो."

गोळी जेवणानंतर द्यायची असते. आमच्याकडे परिपाठ संपला की देतात, म्हणजे निम्मी पोरं उपाशीपोटी. मॅडमचंही खोटं नाही: मधल्या सुट्टीत त्यांना खिचडी वाढून घ्यायची असते, वर मोबाइलवर पोषण आहाराची नोंद भरायची असते.

दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (सरकारी, मुलांची आरोग्य तपासणी करणारं) पथक वर्षातून एकदा येतं. यंदाही आलं. दुसरीतल्या एका पोराच्या कार्डावर 'दृष्टिदोष, संदर्भित' (म्हणजे पुढच्या तपासणीला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं) असं लिहून गेलं. आईबाप ऊसतोडीला, घरी आजी. पोराला जिल्हा रुग्णालयात कोण नेणार? पोरगं अजून फळ्यापाशी उठून जाऊन वाचतं. कागदावर मात्र त्याचं काम झालेलं आहे.

साबण ऑफिसच्या कपाटात ("पोरं संपवतात"). शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्री नको असा बोर्ड गेटवर, आणि टपरी गेटपासून साठ पावलांवर. टपरीवाला आमच्याच एका सदस्याचा भाचा, त्यामुळे तो विषय तूर्त बाजूला.

तर विचारायचंय ते असं. वाटप किती झालं हे सोडून मुलांपर्यंत काय पोचलं, हे समितीतल्या आमच्यासारख्या अडाण्यांनी कसं मोजावं? वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासून द्या म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला समितीने पत्र दिलं तर करतात का, कुणाचा अनुभव? संदर्भित मुलांचा पाठपुरावा तुमच्याकडे कोण करतं: आशाताई, शिक्षक की पालकच? आणि हे सगळं शिक्षकांना 'तपासणी आली' असं न वाटता कसं मांडायचं?

'गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा' हे कृपया सुचवू नका. चार शिक्षकांची शाळा आहे, चौघंही मनापासून शिकवतात.

सभा येत्या शनिवारी आहे. कुणाच्या शाळेत मुलांपर्यंत काय पोचलं याचा तक्ता भरत असतील तर मुलांची नावं झाकून फोटो टाका. आमच्या आराखड्यात तसाच उतरवून घेईन.