लिंबामागचा सूर्य परत त्याच जागी कधी येईल?

मळ्यातली_लेक
नमस्कार मंडळी. मी नोकरीला नाशकात, मळा निफाड तालुक्यात. विहिरीपाशी आमचं जुनं लिंब (कडुलिंब) आहे, आजीने लावलेलं. त्याची मुळं विहिरीच्या बांधणीत शिरलीत, म्हणून द्राक्षाचा माल निघाला की एप्रिलमध्ये ते पाडायचं ठरलंय. त्याआधी मला एक फोटो हवाय: मागे उगवता सूर्य, लिंब, आणि खाली नाना.

पाडव्याला, २ नोव्हेंबरला, हे सगळं समोर होतं. नाना रात्रभर पाणी भरून विहिरीपाशी उभे, हातात बॅटरी, आणि सूर्य बरोबर लिंबामागून वर आला. मी पायवाटेवर, शंभरेक पावलांवर होते. मोबाईलवर काढला तर सूर्याचा पांढरा गोळा झाला, आणि नाना आणि लिंब मिळून एक काळा डाग.

आता चुलतभावाचा डीएसएलआर कॅमेरा आणलाय, ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे. पण परवा रविवारी, २९ डिसेंबरला, बघते तर सूर्य पार उजवीकडे, शेजाऱ्यांच्या कांदाचाळीवरून उगवला! तो लिंबामागे परत कधी येणार? की मीच जागा बदलू?

गंगापूररोडचे_काका
बाळ, मी आयुष्यभर जमिनीच्या मोजणीचं काम केलं. निवृत्तीनंतर वर्षभर संध्याकाळी गंगापूर धरणावर जाऊन सूर्य कुठे बुडतो ते टिपून ठेवलं. उन्हाळ्यात उजवीकडे, हिवाळ्यात डावीकडे. तुझ्याकडे उगवतीला ते उलट दिसतं.

हिशोब सोपा आहे. २१ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो आणि तिथून माघारी फिरतो. पाडवा त्या दिवसाच्या ४९ दिवस आधी होता. तेवढेच दिवस पुढे मोज, ८ फेब्रुवारी येते. एखादा दिवस इकडेतिकडे. पाडव्यापासून तो साधारण ९ अंश सरकलाय. हात लांब करून मूठ धर, ती जवळपास १० अंशांची. तुझा सूर्य एक मूठ उजवीकडे गेलाय, इतकंच.

पण एक गोष्ट विसरू नकोस. जागा तीच, वेळ ती नाही. पाडव्याला निफाडकडे सूर्योदय ६:३७ च्या सुमारास होता, ८ फेब्रुवारीला ७:०८ च्या आसपास असेल. पृथ्वीची कक्षा लंबगोल, अक्ष कललेला, त्यामुळे आपली मध्यान्हच घड्याळात पुढेमागे होते. आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय २१ डिसेंबरला नसतो, जानेवारीच्या मध्यावर असतो.

फेब्रुवारीपर्यंत थांबायचं नसेल तर डावीकडे सरक. तू डावीकडे गेलीस की लिंब सूर्याच्या मानाने उजवीकडे जातं. झाड १०० मीटरवर असेल तर १६ मीटर सरकलं की काम झालं.

आणि शंभर पावलांवरून काढू नकोस. त्याच रेषेत मागे जा. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा, कुठूनही तेवढाच दिसतो. माणूस मात्र लांब गेलं की लहान दिसतो. साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस १८५ मीटरवरून सूर्याएवढाच दिसतो. नानांना सूर्याच्या बरोबरीने उभं करायचं तर एवढं अंतर लागेल. लेन्स पूर्ण झूम करून २५० वर ठेवलीस तर सूर्य फ्रेमच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढा येईल.

मळ्यातली_लेक
काका, डावीकडे शेजाऱ्यांच्या द्राक्षाचा मांडव आहे, ऐन मालात. मणी भरतायत, आत शिरणं बरं दिसत नाही. मी ८ फेब्रुवारी धरते, शनिवारच आहे. मागे सरकायला आमचंच कांद्याचं रान आहे.

चापडगावची_पाखरं
ताई, मी नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात थंडीभर पहाटे जाते. पाणपक्ष्यांच्या मागे सूर्य पकडताना पहिली दोन वर्षं माझ्याही फोटोंत असेच डाग आले. तुझा डाग उजेडामुळे झालेला नाही. नाना झाडाला चिकटून उभे होते! काळ्या आकृतीत खोली नसते, बुंधा आणि माणूस एक होऊन जातात. त्यांना बुंध्यापासून चार हात बाजूला उभं राहायला सांग, आणि अंगाने आडवं, म्हणजे नाक, हनुवटी, हात वेगळे दिसतील. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेव, तर नाना जमिनीत न बुडता आकाशावर येतील.

सूर्याचा पांढरा गोळा झाला कारण मोबाईलने अंधारं रान उजळायला बघितलं. कॅमेरा मॅन्युअलवर घे, म्हणजे उजेड तूच ठरवशील. सूर्य फ्रेमबाहेर ठेवून त्याच्या शेजारच्या आकाशावर उजेड मोज, तोच कायम ठेव, मग सूर्य आत घे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर नको, डेलाइटवर. ऑटो तो केशरी रंग चूक समजून धुऊन टाकतो.

हातात वेळ किती? क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बिंब बाहेर यायला सव्वादोन-अडीच मिनिटं. तोवरच तो लाल आणि मवाळ असतो, कारण उजेड हवेच्या जाड थरातून आडवा येतो. पण तेव्हाही आयपीसमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) २५० च्या लेन्सने सूर्याकडे बघू नकोस, डोळा जाईल. मागच्या स्क्रीनवर बघ.

गंगापूररोडचे_काका
बरोबर. आणि सूर्य सरळ वर चढत नाही, उजवीकडे कलत चढतो, त्यामुळे फांद्यांपर्यंत येईतो तो एखाद अंश सरकलेला असेल. पायाखाली दोन-तीन पावलं डावीकडे मोकळी ठेव.

मळ्यातली_लेक
मंडळी, झालं! ८ तारखेला दाट धुकं होतं, सूर्य दिसला तो लिंबाच्या शेंड्यावर, पांढराफटक. मी रडवेली झाले होते. ९ ला स्वच्छ उजाडलं. त्या आठवड्यात नानांच्या पंपाची लाईट दिवसाची होती, रात्री जागायचं काहीच कारण नव्हतं. तरी ते सहाला उठून, घोंगडी घेऊन जाऊन उभे राहिले.

मी रानातून २४० पावलं मोजली होती. मोबाईलवर त्यांना "अजून थोडं सरका" सांगत होते. सतरा फोटो निघाले. एकात नाना पाण्याच्या वॉलपाशी वाकलेत आणि सूर्य त्यांच्या पाठीलगत आहे, जवळपास तेवढाच. वरच्या फांद्यांत पोपटांची जोडीही आलीय. ती मला काढताना दिसलीच नव्हती.

काका, पाखरंताई, तुमच्यामुळे हे झालं. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट करून घरी नेला. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, लिंब विहिरीकडे किती कललंय बघ, जवळून कधी कळलंच नाही.