रस्त्यात दिलेल्या शिव्या गुन्हा कधी ठरतात? मदत हवी आहे (तातडीने)

नमस्कार. कायद्यातलं कळणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

परवा संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाची सिग्नलवर एका गाडीवाल्यांशी बाचाबाची झाली. गाडीचा आरसा त्याच्या खांद्याला घासला, एवढंच निमित्त. गाडीत साठीतले एक गृहस्थ आणि शेजारी त्यांच्या पत्नी. भावाने अंगाला हात लावला नाही, पण भर चौकात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. आज चौकीतून फोन आला: "तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, उद्या अकराला येऊन जा."

तो चुकला, याबद्दल घरात दुमत नाही. आईने त्याच्याशी बोलणं टाकलंय. पण तो म्हणतो, "मी फक्त शिव्या दिल्या, शिव्यांना कुठे कलम असतं?" आणि शेजारचे काका म्हणतात की आता थेट आत जाणार. पुढच्या महिन्यात त्याची नवी नोकरी सुरू होतेय, पोलीस पडताळणी आहे. माझ्या पोटात गोळा आलाय.

मी वाचलं ते असं: भारतीय न्याय संहितेचं कलम २९६, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २९४. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारले आणि त्याचा इतरांना त्रास झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग शिवी म्हणजे अश्लील शब्दच ना? सगळ्याच शिव्या यात येतात का?

प्रतिसाद:
ताई, आधी श्वास घ्या. शिवी आणि अश्लील शब्द या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एन. एस. मदनगोपाल खटल्यात म्हटलं की नुसते अपमानकारक, शिवराळ शब्द या कलमासाठी पुरेसे नाहीत. त्यांतून कामुक भावना चाळवली गेली पाहिजे आणि ऐकणाऱ्याला त्रासही झाला पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणातही तेच: भाषा असभ्य आहे म्हणून ती आपोआप अश्लील होत नाही. तरी हे कलम दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. टिकतं की नाही ते पुढे कोर्टात ठरतं. जामीनपात्र आहे, त्यामुळे काकांचं "थेट आत" मनावर घेऊ नका.

रस्त्यावरच्या भांडणात जास्त करून कलम ३५२ येतं, जुनं ५०४. समोरच्याला इतकं डिवचायचं की त्याने शांतताभंग करावा किंवा दुसरा काही गुन्हा करावा, अशा हेतूने किंवा तशी शक्यता माहीत असून केलेला अपमान. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण अदखलपात्र. म्हणजे चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही.

पण खरा प्रश्न तुम्ही लिहिलेलाच नाही. शब्द काय होते? शिव्या कुणाला उद्देशून होत्या, त्यांना की त्यांच्या पत्नीला? जातीचा उल्लेख? धमकी? भावाकडून एकेक शब्द लिहून घ्या.

धागाकर्ती:
काल रात्री त्याला कागद-पेन दिलं. पहिल्या दोन शिव्या लिहिल्या आणि त्याने कागद बाजूला सारला. म्हणाला, "ताई, तुझ्यासमोर नाही लिहिता येत." मी स्वयंपाकघरात जाऊन थांबले. परत आले तर सहा ओळी होत्या. जातीबद्दल काही नाही. गाडीतल्या काकूंना उद्देशूनही काही नाही, असं तो शपथेवर सांगतो. पण शेवटची ओळ अशी: "खाली उतर, इथेच गाडतो तुला." याला तो शिवीच समजतो.

प्रतिसाद:
तीच ओळ सगळ्यांत जड आहे. शिव्या एकीकडे, हे वाक्य एकीकडे. कलम ३५१, गुन्हेगारी धाकदपटशा. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत आणि जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बचावाचा मुद्दा आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या माणिक तनेजा निकालानुसार नुसते शब्द पुरत नाहीत, समोरच्याला घाबरवण्याचा हेतू दिसावा लागतो. रागात तोंडातून गेलेलं आणि खरोखर धाक घालणं यांत फरक केला जातो. पण तो तोंडी जाऊन तुम्ही पटवायचा नाही, ते वकिलाचं काम.

काकूंना उद्देशून काही असतं तर कलम ७९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान) आलं असतं, तीन वर्षांपर्यंत आणि दखलपात्र. जातीवरून असतं आणि समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असती, तर ॲट्रॉसिटी कायदा, किमान सहा महिने, आणि सहसा अटकपूर्व जामीनही नाही. दोन्ही नाहीत, हे फार मोठं आहे. मात्र व्हिडिओ मिळत असेल तर पाहून घ्या. रागातल्या माणसाला आपण काय बोललो ते नीट आठवत नाही.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. एकच विचारते. माफीनामा लिहून नेऊ का? आईचं म्हणणं आहे की न्यावा.

प्रतिसाद:
माफी मागाच, पण कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण तक्रारदाराला स्वतः लिहून दिलेलं पत्र पुढे निघू शकतं. कलम ३५२ आणि साधी धमकी हे गुन्हे तक्रारदाराच्या संमतीने मिटवता येतात. म्हणून गुन्हा नोंदला जाण्याआधीच त्या गृहस्थांशी बोलणं व्हायला हवं. चौकीत वकील सोबत असू द्या, न वाचता जबाबावर सही नको.

धागाकर्ती:
आज जाऊन आलो. वकील बरोबर होते. गृहस्थ आणि काकू दोघंही आले होते. भाऊ आधी त्यांच्याकडे गेला, वाकून "माझं चुकलं" म्हणाला. गृहस्थ काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "ते गाडतो म्हणालास ना, त्या रात्री यांना झोप नाही लागली." भावाला उत्तर देता आलं नाही. शिव्यांबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

सध्या ३५२ ची एनसी नोंदवली आहे. पडताळणीच्या अर्जात एनसीचा उल्लेख करायचा का, हे कुणाला अनुभवाने माहीत असेल तर कृपया सांगा. लपवायचं नाही, एवढं घरात ठरलंय.