अणुभट्टीवर घुमट कशासाठी? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. माडबनच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाचे चित्र भावाने पाठवले, त्यात अणुभट्ट्यांवर घुमट दिसतात. वरून काही पडले तर घसरून जावे, म्हणून ते बांधतात का? ए-१०१ मधील काकांनी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे, त्यांनी कृपया सांगावे.

ए-१०१ : ताई, बाहेरच्या आघाताचा विचार असतोच, पण घुमटाचे मुख्य काम आतून येणारा दाब पेलण्याचे आहे. माडबनसाठी सुचवलेल्या प्रकारच्या भट्टीत पाणी ३०० अंशांहून अधिक तापलेले असूनही उकळत नाही, कारण ते वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाखाली कोंडलेले असते. मोठा नळ फुटला की हा दाब उतरतो आणि पाण्याच्या बऱ्याच भागाची क्षणार्धात वाफ होते. ती वाफ किरणोत्सारी द्रव्यांसह बाहेर जाऊ नये, म्हणून सबंध भट्टी ज्या बंदिस्त इमारतीत ठेवतात, तिला कंटेनमेंट म्हणतात.

या इमारतीला कोपरे का नकोत, ते आपल्या गच्चीवरच्या टाकीने दाखवले आहे. चौकोनी टाकीच्या भिंती पाण्याच्या भाराने मध्यभागी बाहेर फुगू पाहतात आणि वाकवणारा जोर कोपऱ्यात एकवटतो. मे महिन्यात गिलावा खरवडला, तेव्हा तडा नेमका कोपऱ्यात, तळापासून हातभर उभा गेलेला आपण पाहिला. गोल भिंतीला असा एकच दुबळा सांधा नसतो, ताण सगळीकडे वाटला जातो. त्यातही त्याच त्रिज्येच्या आणि जाडीच्या नळकांड्याच्या भिंतीला जेवढा ताण बसतो, त्याच्या निम्माच गोलाला बसतो. म्हणून खाली नळकांडे आणि वर घुमट. घरातल्या गॅस सिलिंडरची डोकी फुगीर असतात, तीही याच कारणाने.

मात्र काँक्रीट दाबाला जितके भक्कम, तितकेच ताणाला कच्चे. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवत, ती निवताना आकसून लाकडाला आवळून धरी. तसेच भिंतीत आणि घुमटात पोलादी तारांचे जुडगे ओवून ते प्रचंड जोराने ताणून ठेवतात. त्यामुळे काँक्रीट आधीच आवळलेले असते आणि आतला दाब वाढला, तरी पहिल्यांदा ती आवळणूकच सैल होते. शिवाय आतून पोलादी पत्र्याचे अस्तर असते.

सी-३०२ : काका, माझे माहेर बोईसरचे आहे. तारापूरच्या १९६९ च्या दोन जुन्या भट्ट्यांवर घुमट दिसत नाही, नंतरच्या ३ आणि ४ क्रमांकांवर दिसतो. आणि फुकुशिमाला कंटेनमेंट असूनही अनर्थ झालाच ना?

ए-१०१ : तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तारापूरच्या जुन्या भट्ट्या आणि फुकुशिमाच्या भट्ट्या एकाच, म्हणजे उकळत्या पाण्याच्या, प्रकारातल्या आहेत. त्यांत अपघाताच्या वेळची वाफ पाण्याच्या साठ्यात सोडून थंड करतात, त्यामुळे कंटेनमेंट लहान चालते आणि ते चौकोनी इमारतीच्या पोटात दडलेले असते. २०११ मध्ये त्सुनामीने वीज गेली, गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, थंड करता आला नाही, दाब वाढून कंटेनमेंट गळू लागले आणि बाहेर जमलेल्या हायड्रोजनने वरच्या इमारती उडवल्या. नुसत्या भिंतीवर भिस्त ठेवता येत नाही, थंड पाणी पोचत राहावेच लागते, हे मलाही मान्य आहे.

तरीही २८ मार्च १९७९ चा अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा अपघात पाहा. जवळपास निम्मा गाभा वितळला, आत हायड्रोजनचा भडका उडून दाब एकाएकी चढला, पण घुमटाच्या इमारतीने तो पेलला. चेर्नोबिलच्या भट्टीला १९८६ मध्ये असे पूर्ण आवरणच नव्हते, त्यामुळे स्फोट होताच गाभा उघडा पडला.

बी-२०४ : काका, मनापासून आभार. हे आवरण खरोखर गळत नाही, याची खात्री कशी करतात?

ए-१०१ : भट्टी सुरू होण्यापूर्वी इमारत बंद करून आत हवेचा दाब चढवतात, भिंती किती ताणल्या जातात ते मोजतात आणि ठरावीक वेळेत किती हवा निसटली याचा हिशेब मांडतात. पुढेही काही वर्षांच्या अंतराने गळतीची चाचणी होते.

बी-२०४ : मग जनसुनावणीत मी हेच विचारीन, की त्या चाचणीचे आकडे दर वेळी माडबनच्या लोकांना मराठीतून वाचायला मिळतील का.