हातमोजे घातले म्हणजे झालं नाही

वर एकांनी लिहिलंय की वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात मदतनीसांनी हातमोजे घातले की संसर्गाची काळजी मिटली. मला हे अजिबात पटत नाही. एका आजींचं डायपर बदलून त्याच मोज्यांनी शेजारच्या आजोबांना पाणी पाजलेलं मी स्वतः पाहिलंय. अशाने मदतनीसाचे हात तेवढे स्वच्छ राहतात, जंतू मात्र खाटेवरून खाटेवर फिरतात. प्रत्येक माणसामागे मोजे बदलायचे आणि काढल्यावर हात धुवायचेच.

सॅनिटायझर एरवी उत्तम, २०-३० सेकंद नीट चोळला तर. पण जुलाबाची साथ असेल तेव्हा साबण-पाणीच हवं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक कवचातलं रूप) सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवरही त्याचा भरवसा नाही. साबणाने घासून धुतलं की ते हातावरून वाहून जातात.

लघवीची नळी लावलेली असेल तर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवली आहे ना, हे भेटीला गेल्यावर जरूर बघा. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. म्हातारपणी संसर्ग झाला तरी कधीकधी ताप येतच नाही. माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो, जेवण टाकतो, नाहीतर तोल जाऊन पडतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.